चाल बांधण्याचे शिक्षण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपले आयुष्य माध्यमिक शाळेच्या वर्गात वेचले, म्हणून आज बोलावयाचा विषयही मी शाळेच्या वर्गातूनच उचलला आहे. आठवीपासून दहावीपर्यंतच्या मुलामुलींना गाणे शिकवीत असता गाण्याची चाल बांधावयासही शिकवावे की काय, आणि शिकवावयाचे ठरल्यास परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे पुष्कळ शाळांतून संगीत म्हणजे परिपाठाची दहा मिनिटे एवढीच तरतूद आहे, ते कोणत्या मार्गाने साधेल, हा तो विषय. माझे उत्तर पहिल्यानेच सांगून टाकतो. शिकवावे, सर्वांना शिकवावे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री मुंबई-पुण्याहून आणावी लागत नाही, ती या जिल्ह्यातच फार पूर्वीपासून पडून आहे.

आपल्या शाळांत गाणे नाही असे कोणी म्हणू नये. स्वातंत्र्यदिनाला गाणे आहे, सतरा सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला गाणे आहे, स्नेहसंमेलनाला तर आहेच आहे. वसंत देसाई यांच्यासारख्या थोर संगीतकाराने शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येने मैदानावर एकत्र बसवून एका सुरात, एका तालात गावयास लाविले, तो उपक्रम महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात आदरानेच नोंदविला जाईल. जी मुले खाजगी वर्गात जातात ती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देतात, आणि दहावीच्या निकालात या शिक्षणाची वाढीव गुणांच्या रूपाने दखलही घेतली जाते. हे सर्व चांगले आहे. परंतु या सर्व व्यवहारात मूल गाते ते नेहमी दुसऱ्याचे गाणे. मराठीच्या तासाला आपण त्याच्याकडून त्याचा स्वतःचा निबंध मागतो. चित्रकलेच्या तासाला मोठ्या चित्रकाराच्या चित्राची नक्कल पुरेशी मानीत नाही. गणिताच्या तासाला फळ्यावरचे उदाहरण पाठ केले तर आपण रागावतो. मग संगीताच्याच तासाला पाठांतरावर समाधान का मानावे? ज्याला कालांतराने कवी व्हावयाचे नाही त्यालाही आपण निबंध लिहावयास लावितो, कारण लिहिल्यावाचून भाषा अंगी मुरत नाही हे आपण जाणतो. स्वराची गोष्ट याहून निराळी आहे असे मानण्यास आधार कोणता?

आधार एकच सांगितला जातो, तो असा की, चाल सुचणे ही ईश्वरी देणगी आहे आणि ती लाखांत एखाद्यालाच लाभते. हा समज इतका खोल रुजला आहे की त्याच्याशी थोडे थांबून दोन हात केल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

आपण बसलो आहोत तेथून गंगाखेड फार लांब नाही. गोदाकाठच्या त्या गावी जनाबाईंचा जन्म झाला, आणि परंपरा सांगते की त्या लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी दासी म्हणून गेल्या. दळणकांडण, पाणी भरणे, शेणवारा हा त्यांचा दिनक्रम. या कामाच्या धबडग्यात ज्या मुलीने अभंगरचना केली तिला कोणत्या पाठशाळेत कोणी छंदशास्त्र शिकविले होते? आणि कोणी म्हणेल, जनाबाई संत होत्या, त्यांची गोष्ट अलौकिक, तर ज्यांना कोणी संत म्हटले नाही अशा स्त्रियांची गोष्ट घ्या. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर या दोन अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. लाखाच्या वर ओव्या! त्या रचणाऱ्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकींची नावेही त्यांच्या गावाबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. आणि तरी जात्याच्या फेऱ्याला धरून चालणारी, तीन-चार स्वरांत फिरणारी, प्रत्येक गळ्यागणिक थोडी बदलणारी चाल त्यांनी धरली आणि त्या चालीत नवे शब्द त्या घालीत राहिल्या. देणगी लाखांत एकीला असते तर गावोगावी, घरोघरी हे घडले कसे? मला असे वाटते की, देणगीचा प्रश्न थोर रचना आणि सामान्य रचना यांतील फरकापुरता खरा आहे. रचना करता येणे आणि न येणे यांतील फरक मात्र सवयीचा आहे, आणि ही सवय आपल्या आज्यांना होती, ती दोन पिढ्यांत गिरणीच्या भोंग्याबरोबर गेली.

येथे या मुलखाच्या इतिहासाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. निजामी अंमलात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते, सभा भरविण्यावर 'गश्ती निशाण ५३' या हुकमाची टाच होती, आणि १९३८ साली औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांतून 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांची नावे दप्तरातून कमी करण्यात आली. त्यांतील पुष्कळांनी शिक्षणासाठी नागपूर गाठले. एक गाणे म्हणता यावे म्हणून आपले शिक्षण पणाला लावणारे विद्यार्थी ज्या मराठवाड्याने पाहिले, त्या मराठवाड्यात विद्यार्थ्याच्या गळ्याला वेळापत्रकात जागा मागावी लागावी, ही गोष्ट मला बोचते. याच परभणीत बांधकाम खात्याच्या कचेरीत कारकुनी करीत बी. रघुनाथांनी कविता लिहिली आणि आपल्या एका संग्रहाला 'आलाप आणि विलाप' असे नाव दिले. शब्दाच्या पाठीशी सूर उभा असतो ही जाण या गावच्या कवीला होती.

आता वयाचा विचार. चाल बांधण्याचे शिक्षण माध्यमिक शाळेतच का द्यावे, आधी का नाही आणि नंतर का नाही? याचे एक कारण शरीराचे आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. काल-परवापर्यंत जो मुलगा वरच्या पट्टीत निर्मळ गात होता त्याचा गळा एकाएकी त्याचे ऐकेनासा होतो. तो लाजतो, वर्गातील मुले हसतात, आणि तो गाणे सोडतो. जुन्या नाटक कंपन्यांत स्त्रीपार्टी बालनटांवर ही आपत्ती कोसळली म्हणजे कित्येकांचा रंगभूमीशी संबंध तेथेच तुटत असे. आपल्या शाळांत ती आपत्ती दरवर्षी शेकडो मुलांवर येते आणि तिची कोणी नोंदही घेत नाही. अशा वर्षी मुलाला सांगावे की, बाबा, तुझा गळा विसावा मागतो आहे, तो त्याला दे. परंतु तुझा कान जागा आहे, हात मोकळा आहे, तू चाल बांध आणि ती तुझ्या वर्गातील मुलींनी गावी. गळा परत येईपर्यंत तो संगीतातच राहील. मी तर म्हणेन की, दुसरे एकही प्रयोजन नसते तरी एवढ्या एका प्रयोजनासाठी हे शिक्षण आठवीत सुरू करावे.

दुसरे कारण अभ्यासक्रमाचे आहे, आणि त्याच्याकडे माझ्या मते फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. माध्यमिक वर्गांत मराठीच्या व्याकरणात मुलांना वृत्ते शिकावी लागतात. 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र घोकून, अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करून, गण पाडून मुले मोकळी होतात. गुण मिळतात, परीक्षा संपते, वृत्त विसरले जाते. ज्या वृत्ताचा जन्मच म्हणण्यासाठी झाला ते आपण मुक्याने शिकवितो! माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहिली ती काही अक्षरे मोजण्याचा हिशेब म्हणून नव्हे. पद्याच्या पोटात लय कशी वाहते त्याचा तो शोध होता. मराठीचा तास आणि संगीताचा तास यांच्यामधली भिंत येथे पाडता येते, आणि ज्या शाळेत संगीतशिक्षक नाही तेथे मराठीचे शिक्षकच हे काम निम्म्यापर्यंत नेऊ शकतात.

कसे ते उदाहरणानेच सांगतो, आणि उदाहरण सोपे घेतो. समर्थ रामदास शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांबेचे. त्यांचे मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत आणि ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत हे येथील प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. भुजंगप्रयाताच्या ओळीत चार य गण. य गण म्हणजे एक लघु आणि दोन गुरू, म्हणजे पाच मात्रा. चार गणांच्या वीस मात्रा. आता झपताल पाहा. त्याच्या मात्रा दहा, विभाग दोन, तीन, दोन, तीन असे. वीस मात्रांची ओळ झपतालाच्या दोन आवर्तनांत बसली पाहिजे, नाही का? मुलगा हिशेब करतो आणि पहिले अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवून म्हणू लागतो. तो अडखळतो. लघु पहिल्या मात्रेवर पडतो, त्यामागचा गुरू दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर पडून विभागाची हद्द ओलांडतो, आणि ताल एका बाजूला, शब्द दुसऱ्या बाजूला ओढू लागतात. हिशेब बरोबर आणि गाणे चूक! शिक्षकाने येथे उत्तर सांगू नये. त्याला दुसऱ्या मात्रेवरून, तिसऱ्या मात्रेवरून उठून पाहू द्यावे. तिसऱ्या मात्रेवरून उठताच लघु तिसरीवर, पहिला गुरू चौथी-पाचवीवर आणि दुसरा गुरू सहाव्या मात्रेवर, म्हणजे नेमका खालीवर, टाळीविना जाणाऱ्या मात्रेवर, येतो. पुढच्या गणाचा शेवटचा गुरू समेवर जाऊन बसतो. ओळ संपते तीही समेच्या गुरूवर, आणि नवी ओळ पुन्हा तिसरीवरून उठते. ज्या मुलाने ही जागा स्वतः शोधून काढली त्याला सम म्हणजे काय हे आता कोणी सांगावे लागत नाही. ते ज्ञान त्याचे झाले.

अभंगाचे याच्या उलट आहे, आणि म्हणून वृत्तानंतर लगेच अभंग घ्यावा असे माझे सांगणे आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे. लघु-गुरूचे बंधन नाही. भजनी ठेक्याच्या मात्रा आठ. सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांवर पसरावयाचा म्हणजे दोन मात्रा उरतात, आणि चौथ्या चरणात तर चार उरतात. या उरलेल्या मात्रा कोणत्या अक्षरावर खर्च कराव्या? रचनाकाराचा पहिला स्वतंत्र निर्णय तो हा. देवाच्या नावावर खर्च केल्या तर चरण एक बोलतो, क्रियापदावर खर्च केल्या तर दुसरेच बोलतो, आणि एखाद्या उभयान्वयी अव्ययावर उधळल्या तर काहीच बोलत नाही. 'दिन' या शब्दातील पहिले अक्षर लांबविले की ऐकणाऱ्याला 'दीन' ऐकू येते आणि दिवस दरिद्री होतो, हे मुलांना एकदा गाऊन दाखविले म्हणजे पुरते. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' हा ग्रंथ लिहून भावगीताच्या गायकांना जे सांगितले त्याची मुळाक्षरे दहावीच्या मुलाला या एका अभ्यासातून गिरविता येतात.

मग स्वर केव्हा? लय आणि शब्द यांची अशी गाठ पडल्यानंतर. आणि स्वरही थोडे द्यावे. सा, रे, ग एवढ्या तीन स्वरांत ओवी बांधावयास सांगावे. मुले कुरकुर करतील, म्हणतील, तीन स्वरांत काय होते? त्यांना गावातील एखाद्या आजीकडे पाठवावे. तीन स्वरांत तिचे सारे माहेर मावलेले त्यांना ऐकू येईल.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, तो मी टाळू इच्छीत नाही. मुलांना चाल बांधावयास सांगितले तर ती सिनेमाची चाल उचलतील आणि तिलाच आपली म्हणतील. उचलतील; उचलू द्यावी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील पदे साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, कर्नाटकी चाली अशा आधीच लोकांच्या कानांत असलेल्या धाटण्यांवर बांधलेली होती, आणि जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ते कोणत्या चालीवर म्हणावे हे प्रामाणिकपणे छापलेले असे. वामनदादा कर्डकांची आणि इतर शाहिरांची भीमगीते मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांतून गायिली गेली, त्यांतही परिचित चालीवर नवे शब्द बसविण्याची रीत होतीच. म्हणून शिक्षणाचा क्रम मला असा दिसतो की, प्रथम ओळखीच्या चालीवर नवे शब्द, नंतर ओळखीच्या शब्दांना नवी चाल, आणि या दोन्हींत हात बसला म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही आपली. उसने घेतलेले उसने म्हणून सांगावे, वहीत चालीच्या डोक्यावर तसे लिहावे, एवढी शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून असावी.

वहीचा विषय निघालाच आहे. चाल लिहून ठेवली पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वकिलीच्या सनदेचे गृहस्थ. परंतु घराण्यांच्या बंदिस्त ठेव्यातील शेकडो चिजा त्यांनी मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापून साऱ्या देशाच्या हाती दिल्या. मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. ही लिपी शिकण्यास हुशार मुलाला एक आठवडा पुरे. ती शिकविण्याचे खरे कारण मात्र जतनाचे नाही. आपली चाल लिहून ती वही शेजारच्या मुलीच्या हाती द्यावयाची, आपण गप्प बसावयाचे, आणि तिने ती वाचून म्हणावयाची, हा या शिक्षणातील सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. जे मनात होते आणि कागदावर उतरले नाही ते तत्क्षणी उघडे पडते. ती चुकली की लिहिणारा म्हणतो, असे नाही, असे. मग असे कसे लिहावयाचे? तो पुन्हा लिहितो. निबंध लिहिणाऱ्याला स्वतःचे लिखाण परक्याच्या डोळ्यांनी वाचता यावयास वर्षे लागतात. चाल लिहिणाऱ्याला ती दृष्टी एका तासात मिळते.

पेटीविषयी थोडे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत उठविली नाही, आणि त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. शाळेत पेटी असावी, ती गरिबाचा आधार आहे. परंतु चाल बांधताना प्रथम तिला हात लावू देऊ नये. पट्ट्यांवर बोटे फिरवून जी चाल सापडते ती बहुधा बोटांना सोयीची असते, शब्दांना नव्हे. आधी गुणगुणावे, मग लिहावे, आणि लिहिलेले तपासण्यासाठी पेटी उघडावी.

यापुढची पायरी रागाची, आणि ती नववी-दहावीतल्या रस असलेल्या मुलांसाठी आहे. येथे एक प्रयोग सुचवितो. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांचेही स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. गाणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सांगतो की, भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. एक कल्याण थाटाचा, दुसरा बिलावल थाटाचा. तो हे लिहून गुण मिळवितो. रचणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावे, चार ओळींची एक कविता घे आणि ती दोनदा बांध, एकदा भूपात, एकदा देशकारात, आणि वर्गाने ओळखले पाहिजे कोणती कोणती. आता त्याची झोप उडेल! तेच पाच स्वर, तेच शब्द, आणि तरी दोन निराळी माणसे उभी करावयाची. कोठे थांबावे, कोणता स्वर ओलांडून जावे, मुखडा खालच्या अंगाने उठवावा की उत्तरांगातून उतरवावा, समेवर गंधार ठेवावा की धैवत, हे सारे प्रश्न त्याला स्वतःला पडतील, आणि प्रश्न पडल्यानंतर एखादी जुनी बंदिश ऐकताना तो ती एखाद्या कारागिराने दुसऱ्या कारागिराचे काम पाहावे तशी ऐकेल. भातखंड्यांनी स्वतः 'चतुर' या नावाने लक्षणगीते रचली, ज्यांत रागाचे नियम त्याच रागाच्या चालीत सांगितले आहेत. रचना हे शिक्षणाचे साधन आहे ही गोष्ट या थोर पंडिताने कृतीनेच दाखविली आहे.

राग मुळात आला कोठून? कुमार गंधर्वांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविला. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात शिकलेले कुमार क्षयाच्या आजारामुळे देवासला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. गाता न येणारा गायक काय करील? त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी ऐकली. अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकली, टिपून घेतली, त्यांतील स्वरांच्या वळणांत त्यांना रागांची बीजे दिसली आणि त्या धुनांतून त्यांनी नवे राग बांधले. १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला, त्यात मालवतीसारखे हे धुनउगम राग आहेत. गळा थांबला असता कानाने केलेल्या या साधनेकडे पाहिले म्हणजे, मघाशी ज्याच्या आवाजाविषयी बोललो तो आठवीतला मुलगा माझ्यासमोर उभा राहतो.

आणि माळव्यालाच लोकधुना आहेत काय? या जिल्ह्यातील मुलाच्या कानावर काय काय पडते ते पाहा. पहाटे काकडा, सप्ताहात टाळमृदंगाचा गजर, देवीच्या नावाने संबळ आणि तुणतुणे, ज्या गोंधळाची कीर्ती परभणीचे राजाराम कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी दूरवर नेली, सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वाली, चौदा एप्रिलला भीमगीते, पोळ्याला हलगी. एवढे वैभव ज्याच्या कानी रोज विनामूल्य पडते त्या मुलाला आपण संगीतात दरिद्री कसे म्हणावे? अजय आणि अतुल गोगावले या संगीतकार बंधूंचे उदाहरण आजची मुले चांगले जाणतात. वडील महसूल खात्यात, त्यांच्या बदल्यांबरोबर शिरूर, राजगुरुनगर अशा तालुक्याच्या गावांतून फिरलेले बालपण, घरी वाद्य घेण्याची ऐपत नाही, म्हणून ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याशी मैत्री करावयाची. अशा शाळकरी वयातून ते आले, आणि 'जोगवा' चित्रपटाच्या ज्या संगीताबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याची मुळे देवीच्या जोगत्यांच्या गाण्यात आहेत. मी हे उदाहरण पुरस्कारासाठी देत नाही. खेड्यात कानी पडलेले संगीत रचनेचे भांडवल होऊ शकते, एवढ्यासाठी देतो.

बाहेरच्या जगात याविषयी काय चालले आहे तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडात १९८६ साली माध्यमिक परीक्षेची नवी पद्धत सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. तीत संगीत घेणाऱ्या सोळा वर्षांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला गाऊन-वाजवून दाखविणे आणि ऐकून ओळखणे यांच्या जोडीने स्वतःची रचनाही सादर करावी लागते. त्यापूर्वी जॉन पेंटर यांच्यासारख्या शिक्षकांनी कित्येक वर्षे वर्गावर्गांतून सामान्य मुलांकडून रचना करवून घेऊन ती वाट तयार केली होती. त्यांचे संगीत निराळे, त्यांच्या अडचणी निराळ्या. त्यांची नक्कल आपण करू नये. परंतु सामान्य मुलाला रचना करता येते हे त्या देशाने परीक्षेच्या दप्तरात मान्य केले, आणि ज्या देशात घरोघरी ओवी रचली जात होती त्याने ते अजून मान्य केलेले नाही, याचा विचार शिक्षणखात्याने करावयास हवा.

परीक्षेचे नाव काढताच शिक्षकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते ती मला समजते. मुलाच्या चालीला गुण कसे द्यावयाचे? दहापैकी सहा म्हणजे काय? पहिली दोन वर्षे गुण मुळीच देऊ नयेत असे माझे मत आहे. वर्गाने चाल ऐकावी, गावी, आणि शिक्षकाने तीनच प्रश्न विचारावे: शब्द कळले का, सम सापडली का, आणि दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटले का. चाल सुंदर झाली की नाही हे शिक्षकाने ठरवू नये. ते वर्ग आपोआप ठरवितो. मधल्या सुट्टीत जी चाल मुले ओट्यावर बसून गुणगुणतात ती उत्तम. शिक्षकाचे काम याहून अवघड आहे. ज्या मुलाची चाल कोणीच गुणगुणली नाही त्याच्या वहीत एक चांगली जागा शोधून ती त्याला दाखवावयाची, आणि ती जागा खरोखर चांगली असली पाहिजे, कारण खोटी स्तुती या वयातील मुले अचूक ओळखतात.

नेमाचे महत्त्व मात्र सांगितले पाहिजे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, आणि ग. दि. माडगूळकरांचे गीत व सुधीर फडक्यांची चाल आठवड्याच्या आठवड्याला वर्षभर येत राहिली. छप्पन्न गीते झाली. प्रतिभा थोर होती यात शंका नाही. परंतु आठवडा कोणासाठी थांबत नाही हीही गोष्ट त्या प्रतिभेला ठाऊक होती. शाळेतील मुलालाही असा नेमाचा वार असावा. सुचेल तेव्हा बांधू म्हणणाऱ्याला सहसा काही सुचत नाही.

शेवटी, या सभागृहात बसलेल्या मंडळींपुढे काही मागणे ठेवतो. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एका शाळेने हा उपक्रम हाती घेतला तर नऊ शाळा होतात. प्रारंभ जनाबाईंच्या गंगाखेडला व्हावा असे मला मनापासून वाटते. पालकांनी खर्चाची भीती धरू नये. एक वही, एक पेन्सिल आणि गावातील एखाद्या भजनी मंडळाचा मृदंग एवढ्यावर पहिले वर्ष निभावते. ज्यांच्या घरी ओव्या येणाऱ्या आजी आहेत त्यांनी आजीला एक दिवस शाळेत आणावे. आकाशवाणीचे परभणी केंद्र आपल्याच गावी आहे. वर्षाकाठी एकदा तरी मुलांनी बांधलेल्या चाली त्या केंद्रावरून जिल्ह्याने ऐकाव्या, आणि चालीच्या आधी ती बांधणाऱ्या मुलामुलीचे नाव व शाळेचे नाव सांगितले जावे. आणि येथे जे मुख्याध्यापक आले आहेत त्यांना हात जोडून विनंती आहे की, येत्या जूनमध्ये वेळापत्रक आखताना आठवीच्या एका तुकडीला आठवड्यातील एक तास चाल बांधण्यासाठी द्यावा, आणि मार्च महिन्यात त्या तुकडीच्या वह्या पाहावयास व चाली ऐकावयास मला बोलवावे. ज्या शाळेचे बोलावणे येईल त्या शाळेत मी येईन.